कॉलेजचा मुराळी

आमच्या कॉलेजातले भूगोलाचे बी. एम. पाटील सर वर्षभर बोडक्या डोक्यानं हिंडतात आणि बारावीचा निकाल लागला की पांढरी टोपी चढवतात. नुसती टोपी नाही. खांद्यावर उपरणं, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत सांजोऱ्यांचा डबा. असे ते सकाळी शहाद्याच्या एसटी स्टँडवर उभे दिसले की ओळखीचा कंडक्टर विचारतो, "सर, आज कोनी पोर?" म्हणजे कुणाची लेक. सर गंभीर चेहऱ्यानं गावाचं नाव सांगतात आणि खिडकीजवळची जागा धरतात.

बघणाऱ्याला वाटावं, कुठे लग्नाला निघाले. सर निघालेले असतात विद्यार्थी आणायला. हल्ली सगळीच कॉलेजं विद्यार्थी शोधत फिरतात. कुणी चौकात बॅनर लावतं, कुणी रिक्षावर कर्णा बांधतं, कुणी पत्रकं वाटतं. सरांचा पत्रकांवर काडीचा विश्वास नाही. "कागद देखीसन कुनी आंडेर धाडस का?" असं ते विचारतात. आंडेर म्हणजे लेक.

ही टोपी काय भानगड आहे, ते सांगायला हवं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. आपल्या आपण येत नाहीत. माहेरचा कुणी भाऊ, काका, मामा त्यांना आणायला जातो. तो मुराळी. मुराळी दारात उभा राहिला की सासू कितीही खाष्ट असो, त्याला रिकाम्या हातानं परत पाठवणं शोभत नाही. सरांनी ही रीत उचलली आणि सरळ कॉलेजच्या प्रवेश समितीला लावून टाकली. लग्न झालं आणि शिकणं सुटलं, अशा पोरींच्या सासरी ते मुराळी म्हणून जातात. ओट्यावर बसतात. पाण्याचा तांब्या पुढे आला की हात जोडतात. "पहिले पोर धाडा, मंग पानी." घरचे टाळाटाळ करायला लागले की त्यांचं ते ठरलेलं वाक्य येतं, "मी रिकामा हात जावाव नही." हे ते अजिबात रागानं म्हणत नाहीत. फक्त माहिती देतात, आणि मग मांडी बदलून पुन्हा नीट बसतात.

इतक्या घरच्या सुना सरांनी कॉलेजात आणल्या, पण एक प्रवेश त्यांना काही केल्या मिळत नव्हता, आणि तो त्यांच्याच घरातला होता. प्रमिलाकाकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा. काकूंचं कॉलेज पहिल्या वर्षातच लग्नामुळे सुटलं होतं. दर जूनमध्ये सर नवी माहितीपुस्तिका घरी न्यायचे, स्वयंपाकाच्या ओट्यावर काकूंना दिसेल अशी ठेवायचे, आणि दर जूनमध्ये काकू तिच्यावर तळलेल्या सांजोऱ्या निथळायला टाकायच्या. यंदा सर निवृत्त होणार होते. म्हणजे हा त्यांचा टोपीचा शेवटचा जून होता, आणि घरची जागा अजून रिकामीच होती.

मी हे एवढ्या आपुलकीनं सांगते आहे, कारण मीही त्यांनी आणलेलीच आहे.

मी पहिलं वर्ष पास झाले आणि सारंगखेड्याजवळ तापीकाठच्या एका गावात माझं लग्न झालं. केळीची शेती, भरलं घर, माणसं चांगली. कुणी मला शिकू नको म्हणालं नव्हतं. शिक असंही कुणी म्हणालं नव्हतं. विषयच निघाला नाही. मी सकाळी भाकरी थापायची, दुपारी केळीच्या बागेत डबा न्यायची, आणि आपण कधी कॉलेजात होतो हे मलाच हळूहळू खोटं वाटायला लागलं होतं.

एके दिवशी सकाळी ओट्यावर टोपी दिसली. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना माय म्हणतो, डोक्यावर पदर घेत बाहेर गेल्या. सर उठून म्हणाले, "शहादाथून उनू. मुरायी शे. पोरले लेवाले उनू."

"आते कसाना मुरायी?" माय म्हणाल्या. "आखाजी तं कव्हयनी व्हई गयी."

"मांगे राही गयथं, म्हनीसन उनू."

लग्नात आमच्याकडून टोपीवाले इतके आले होते, की मायना वाटलं हा त्यांतलाच कुणी चुलत मामा असावा, शेतीच्या कामात आखाजीला यायचा राहून गेला असेल. मी दाराआडून सरांना ओळखलं. ओळखलं आणि पदर तोंडात कोंबून गप्प राहिले. मायनी घाईघाईनं माझी पिशवी भरली, वर माझ्या आईसाठी केळीचा एक फणा घातला, आणि मुराळ्याला बजावलं, "चार दिनमा आनी सोडज्यात." सरांनी मान डोलावली आणि तेव्हा कुठे पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

एसटीत त्यांनी मला डबा उघडून दिला. म्हणाले, "पहिलं वर्ष पास शे तू. दुसरं कसाले सोडं?" मी सांजोरी खाल्ली. शहाद्याला उतरल्यावर ते माझ्या माहेरच्या रस्त्याला न लागता कॉलेजच्या रस्त्याला लागले. माझा दुसऱ्या वर्षाचा प्रवेश झाला आणि संध्याकाळी त्यांनीच मला सासरी आणून पोचवलं, केळीच्या फण्यासकट.

मायचा चेहरा मला अजून आठवतो. "हाऊ कसा मुरायी व? सकायले लई जास नि संध्याकायले आनी देस!"

"मायबाई, हाऊ रोजना मुरायी शे," सर म्हणाले. "सकायले येसू."

आणि आले की! दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. माय रागानं धुमसत होत्या, पण एकदा मुराळी म्हणून पाणी पाजलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं, हे त्यांच्या जिवाला पटेना. माझे यजमान मध्ये पडले नाहीत. ते बैलांना चारा घालता घालता हसत होते. पुढच्या सकाळी मायनीच माझ्या हातात डबा ठेवला. "जाय माय. तो टोपीवाला उनमा उभा राही."

त्या दिवसापासून मी शिकले, आणि शिकत शिकत त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. आज वर्गात नकाशा टांगताना कधी कधी मनात येतं, ती टोपी त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या ओट्यावर गेली असती तर? सरांचे उपकार फेडायचा विचार मी केव्हाच सोडून दिला आहे. असले उपकार अंगावर बाळगण्यातच सुख असतं.

सरांचा हा टोपीचा खेळ सगळीकडे चालायचा असं मात्र नाही. एकदा ते सातपुड्यातल्या एका पाड्यावर गेले. एक पावरा आदिवासी मुलगी चांगल्या मार्कांनी बारावी झाली होती आणि पुढे येत नव्हती. मुराळी नावाचा प्रकार त्या लोकांत कुणाला ठाऊक नाही, हे सरांच्या गावीही नव्हतं. पाड्यावरच्यांनी पाहिलं, एक परका माणूस नवी टोपी घालून, गोड खाऊ घेऊन मुलीच्या दारात आला आहे. त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. खाट टाकली. चार वडीलधारे येऊन बसले. मुलीच्या आजोबांनी मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "जमीन किती?"

सरांना वाटलं, कॉलेजची चौकशी चालली आहे. "भरपूर. मागच्या डोंगरापर्यंत आपलीच."

"घरात माणूस किती?"

"हजारभर तरी."

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. "आन पोरगा काय करतो?"

"कोणता पोरगा?" सरांनी विचारलं.

"लगन कोणाशी लावतो मग?"

सरांना मुलगा नाही, दोन मुली आहेत, आणि दोघी पुण्यात नोकरी करतात. हे समजावून सांगताना त्यांना घाम फुटला. अखेर प्रकार लक्षात आला तेव्हा आजोबा इतके हसले, की त्यांना खाटेला धरून बसवावं लागलं. हसणं ओसरल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, पोरगी घरी येईल ना अधूनमधून? सर म्हणाले, "सुट्टी लागली की मी स्वतः आणून सोडीन." ती मुलगी आली. तेव्हापासून डोंगरात जाताना सर टोपी पिशवीत ठेवतात आणि त्या मुलीला बरोबर घेतात. ती पावरीत बोलते, सर शेजारी बसून ऐकतात. आम्हाला ते बजावतात, "तठे टोपीनं काम नही. तठे कान लागतस."

पुढे वरून आदेश आला की प्रत्येक कॉलेजनं सर्वसमावेशक धोरण तयार करावं. प्राचार्यांनी बैठक बोलावली. जाडजूड मसुदा, त्यात 'वंचित घटक', 'अनुकूल वातावरण', 'सक्षमीकरण' वगैरे. प्राचार्य शुद्ध मराठीत तासभर वाचत होते आणि आम्ही आळीपाळीनं जांभया दाबत होतो. सर मात्र लक्ष देऊन ऐकत होते. वाचन संपलं तसे त्यांनी हात वर केला. "सर, पाळणा कुठे टांगायचा?"

"कसला पाळणा?"

"'मातांसाठी अनुकूल वातावरण' असं वाचलंत ना आत्ता. वातावरण काही टांगता येणार नाही. पाळणा टांगावा लागेल."

ग्रंथालयाशेजारची अडगळीची खोली रिकामी झाली आणि तिथे पाळणा आला. माझी लेक त्याच पाळण्यात झोपायची आणि मी भिंतीपलीकडे नेट-सेटचा अभ्यास करायची. यंदा केळी प्रक्रियेचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला, तोही सरांनी दिवस-दिवस पाठपुरावा केल्यामुळे. आणि त्यासोबत आणखी एक वर्ग सुरू झाला, मध्येच शिक्षण सुटलेल्यांसाठी. घरकाम आटोपून यावं आणि सांजेच्या आत परतावं, अशी दुपारची वेळ. त्या वर्गाच्या मसुद्यात सरांनी आपल्या हातानं एक वाक्य घालून घेतलं होतं, 'वयाची अट नाही'. ते कुणासाठी आहे, हे समितीत सगळ्यांना कळलं.

जूनमध्ये सांजोऱ्यांचा घाणा पडतो तेव्हा मी काकूंच्या मदतीला जाते. गंमत बघा, स्वतः पाऊल न उचलणाऱ्या काकू दुसऱ्यांच्या सुनांसाठी मात्र न थकता सांजोऱ्या तळतात. यंदा सारण भरता भरता मी विचारलंच, "काकू, तुम्ही का नाही येत?"

काकूंनी झारा कढईच्या काठावर टेकवला. त्या सांगत गेल्या, तक्रारीचा सूर नव्हता. लग्न झालं त्याच वर्षी त्यांचे वडील धानोऱ्याहून आले होते. पोरीची पहिल्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती. "परीक्षापुरती धाडा," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सरांच्या आई नाही म्हणाल्या. सर तेव्हा नुकतेच कॉलेजात लागले होते आणि तिथेच, त्याच खोलीत बसलेले होते.

"मन्हा बाप यास्नाकडे देखत राह्यना," काकू म्हणाल्या. "यास्नी तोंड उघाडं नही. बाप रिकामा हात गया. नंतर कव्हय या घरनं पानी पिना नही."

सरांचं ते ठरलेलं वाक्य मी इतकी वर्षं हसत हसत ऐकत आले होते. त्या दिवशी कढईसमोर बसून मला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

"पण आता तर सर स्वतःच म्हणताहेत ना, चल म्हणून?"

"नवरा कव्हय मुरायी व्हस का व?" काकू म्हणाल्या. "मुरायी माहेरना लागस. मन्हा माहेरमा आते कोन शे?" आणि त्यांनी पुढची सांजोरी तेलात सोडली.

घरी येऊन मी मायना हे सांगितलं. मनात काही योजना नव्हती, राहवलं नाही म्हणून सांगितलं. माय शेंगा फोडत होत्या. "कोठली म्हनस ती?"

"धानोऱ्याची."

"धानोरानी? कोनी पोर?"

"उत्तम चौधरींची."

मायच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांचंही माहेर धानोराच, हे मला माहीत होतं. पण दोन्ही धागे जोडायची अक्कल मला कधी आली नव्हती. "उत्तमभाऊ मन्ही गल्लीना," त्या म्हणाल्या. मग शेंगांचं सूप बाजूला सारून म्हणाल्या, "सकायले मन्हं नवं लुगडं काढ."

सकाळी आम्ही सरांच्या घरी पोचलो तेव्हा सर निघायच्या तयारीत होते. मायनी इकडेतिकडे पाहिलं, खुंटीवरची सरांची टोपी काढली आणि डोक्यावरच्या पदरावर बसवली. बाईमाणूस मुराळी झालेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. सरांनीही पाहिलं नसावं. मी पुढे केलेला तांब्या मायनी हातानं दूर केला.

"जवाईबुवा," त्या म्हणाल्या. मायच्या गावची लेक काकू, म्हणजे सर सगळ्या गावाचे जावई. "मी धानोराथून उनू. उत्तमभाऊनी जागावर उनू. पोर धाडतस का नही?"

ज्या माणसानं शंभर घरच्या सासवांना बोलण्यात गुंडाळलं, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. माय टोपी सावरत, सरांच्याच पद्धतीनं मांडी घालून खाली बसल्या. त्या काही लवकर उठणार नव्हत्या.

"धाडसू," सर शेवटी म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, आतपर्यंत जाईल असं. "धाडसू, अक्का. लई जा तिले. पहिलेच धाडाले जोयजे व्हती."

काकू पदराला हात पुशीत दारात आल्या. त्यांनी मायकडे पाहिलंच नाही, सरांकडे पाहिलं. "आते तरी बोलनात तुम्ही!" एवढंच म्हणाल्या, आणि साडी बदलायला आत गेल्या. मायनी मग तांब्या मागितला आणि सगळा रिकामा केला.

नवा वर्ग सुरू झाला त्या दुपारी पहिला तास सरांचा होता. मी आणि माय व्हरांड्यात उभ्या होतो, कारण मायनी हट्टच धरला होता की पोर बसलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय जाणार नाही. वर्गात बऱ्याच जणी होत्या, कुणाच्या मांडीवर मूल, कुणाच्या हातात अजून बाजाराची पिशवी. काकू दुसऱ्या बाकावर होत्या. सर आत आले, हजेरी घ्यायला लागले, आणि एका नावाशी अडखळले.

सरांनी आयुष्यात बायकोला नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. मोठ्या मुलीच्या नावावरून ते त्यांना 'सोनीनी माय' म्हणतात. हजेरीपटावर छापलं होतं 'पाटील प्रमिला भगवान', कारण भगवान हे सरांचंच नाव. वर्ग वाट बघत होता. सरांनी हजेरीपट मिटला आणि मान वर करून म्हणाले,

"प्रमिला उत्तम चौधरी."

बायका इकडेतिकडे बघायला लागल्या. काकू जागच्या हलल्या नाहीत. त्या नावानं त्यांना कुणी बोलावलं त्याला किती काळ लोटला होता, कोण जाणे. मग त्या बाकाला धरून उभ्या राहिल्या.

"हजर," त्या म्हणाल्या.

सरांनी पुढचं नाव घ्यायला हवं होतं. त्यांनी तेच नाव पुन्हा घेतलं, सावकाश, बापाच्या नावासकट.

"म्हनं ना, हजर शे!" काकू करवादल्या, आणि सगळा वर्ग हसला.